चौथं टरेट

"चार कशी? आमच्या दिल्लीला तीनच टरेटं होती."

आप्पाकाका चष्मा कपाळावर ढकलून लॅपटॉपवर वाकले होते. गुहागरच्या घराची पडवी, बाहेर श्रावणातली रिपरिप, आणि पडद्यावर करड्या पाण्यात उभं असलेलं 'लिअँडर' हे ब्रिटिश क्रूझर, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका. टरेट म्हणजे तिच्यावरचा तोफांचा फिरता बुरूज. 'वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स' हा खेळ मी आठेक वर्षं खेळतोय. घरात त्याचं कुणाला फारसं कौतुक नाही. पण काकांना एकदा दाखवायचंच, असं बरेच दिवस मनात होतं, कारण नौदलात गेल्यावर त्यांना मिळालेलं पहिलं जहाज याच वर्गातलं. आयएनएस दिल्ली. ते तिच्यावर कुक होते.

"पुढे दोन, मागे दोन. प्रत्येकात दोन तोफा. एकूण आठ," मी बोट ठेवून दाखवलं.

"मागे एकच," काका म्हणाले. "तिला वाय म्हणायचे. तिच्या पुढ्यात दुसरं टरेट नव्हतं. मला सांगतोस? मी वायच्या खालीच असायचो."

काका ऐंशीच्या पुढचे. मी वाद घातला नाही. विसरले असतील, असं समजून गप्प बसलो, आणि रात्री शोधत बसल्यावर लक्षात आलं की ते बरोबर होते. खेळही बरोबर होता.

दिल्ली म्हणजे मूळची एचएमएस अकिलीस. बर्कनहेडच्या गोदीत बांधलेली, १९३३ मध्ये सेवेत आलेली, सुमारे सात हजार टनांची. न्यूझीलंडच्या खलाशांना घेऊन ती दुसरं महायुद्ध लढली. ५ जानेवारी १९४३ रोजी ग्वाडलकनालजवळ एका जपानी विमानाचा बॉम्ब तिच्या एक्स टरेटवर, म्हणजे वायच्या पुढ्यातल्या टरेटवर, पडला, १३ माणसं गेली. पुढच्या दुरुस्तीत ते टरेटच काढून टाकलं आणि त्या जागी विमानविरोधी तोफा आल्या. ५ जुलै १९४८ ला ती भारताकडे आली ती अशी, तीन टरेटांची आणि सहा तोफांची. स्वतंत्र भारताच्या नौदलाची ती पहिली ध्वजनौका. खेळातलं लिअँडर १९३९ चं आहे, काकांची दिल्ली १९६१ ची. मधल्या काळात तेरा माणसं मेली म्हणून दोन्ही चित्रं वेगळी दिसतात.

त्या रात्रीपासून या खेळांतल्या खरेपणाबद्दल मी वेगळ्या तऱ्हेने विचार करू लागलो. त्याआधी मीही इतर खेळाडूंसारखाच होतो. रेलिंग किती दांड्यांचं आहे, डेकच्या लाकडाचा रंग कुठल्या वर्षीचा, चिमणीचा कोन, रेंजफाइंडरची जागा, यावर तासन्‌तास बोलायचो. ही मेहनत खरोखर मोठी आहे, आणि ती करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. जुने आराखडे आणि फोटो धुंडाळून त्यांनी अशी जहाजं उभी केली आहेत जी आज जगात कुठेच नाहीत. दिल्ली ३० जून १९७८ ला मुंबईत निवृत्त झाली आणि भंगारात गेली. तिच्या बहिणी पाहायच्या तर आता पडद्यावरच.

पण पोलाद खरं झालं म्हणजे लढाई खरी झाली का?

अकिलीसचीच लढाई घेऊ. १३ डिसेंबर १९३९, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर ला प्लाता नदीच्या मुखासमोरचा समुद्र. एकीकडे जर्मन 'ग्राफ श्पे', अकरा इंची सहा तोफांचं. तिचा एकेक गोळा तीनशे किलोचा. दुसरीकडे तीन क्रूझर: आठ इंची सहा तोफांचं 'एक्झेटर', आणि सहा इंची आठ-आठ तोफांची 'अजॅक्स' आणि 'अकिलीस'. कमोडोर हेन्री हारवुड अजॅक्सवर. सकाळी सहानंतर ब्रिटिशांना क्षितिजावर धूर दिसला. ग्राफ श्पेचा कप्तान हान्स लांग्सडॉर्फ याने त्यांना त्याआधीच पाहिलं होतं आणि एक्झेटरला ओळखलंही. पण बाकीच्या दोघी त्याला क्रूझरहून लहान अशा डिस्ट्रॉयर वाटल्या. कुठल्या तरी व्यापारी काफिल्याच्या राखणदार असतील, असा त्याने अंदाज बांधला आणि तो चालून गेला. दोन क्रूझर आहेत हे कळलं तेव्हा उशीर झाला होता.

खेळात असं होऊच शकत नाही. समोर जहाज दिसलं की त्याच्या डोक्यावर नाव येतं, वर्ग येतो, आणि एक पट्टी येते. त्या पट्टीवर त्याचं किती आयुष्य उरलंय ते आकड्यात लिहिलेलं असतं. गोळा लागला की तिथल्या तिथे कळतं: किती नुकसान झालं, आग लागली का, सुकाणू बिघडलं का. मला ती पट्टी इतकी वर्षं खटकली नव्हती. आता तिच्यावरून नजर हलत नाही.

६ वाजून १८ मिनिटांनी पहिली तोफ डागली गेली आणि ७:४० ला हारवुडने माघार घेतली. ब्याऐंशी मिनिटं. तेवढ्यात अजॅक्स आणि अकिलीस मिळून सहा इंची तोफांचे दोन हजारांहून जास्त गोळे झाडले गेले. ग्राफ श्पेला त्यातले वीसच्या आसपास लागले. शंभरातला एक, फार तर. खेळात माझे पंचवीस-तीस टक्के गोळे लागतात आणि त्याहून कमी लागले तर मी हळहळतो. उरलेले नव्व्याण्णव गोळे म्हणजेच ती लढाई होती, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? पंधरा-सतरा किलोमीटरवर गोळा पोचायला अर्धं मिनिट लागतं. तेवढ्यात लक्ष्य वळतं, आपणही वळतो. डोळे लावून बसायचं, पाण्याचे खांब उठतील ते अलीकडे उठले की पलीकडे ते बघायचं, आणि ते आकडे खाली, जहाजाच्या पोटातल्या यंत्राकडे पाठवायचे. ते यंत्र म्हणजे दातेरी चाकांचा भलाथोरला गणकच. मग पुन्हा एक सॅल्व्हो, म्हणजे एकदम डागलेले गोळे, आणि पुन्हा अर्धं मिनिट.

आणि ते खांब नेमके कुणाच्या गोळ्यांचे, हेही कळेल याची खात्री नाही. अकिलीसच्या बाबतीत नेमकं तेच झालं. अकिलीस आणि अजॅक्स एकाच हिशोबाने, एकत्र नेम धरून तोफा डागत होत्या. ग्राफ श्पेचा एक गोळा अकिलीसच्या अगदी शेजारी पाण्यात फुटला आणि त्याच्या कपच्या नेम धरणाऱ्या डायरेक्टर टॉवरमध्ये घुसल्या. जहाजाला थेट गोळा एकही लागला नाही, पण माणसं मेली. लढाईत अकिलीसची चार माणसं गेली. तोफखाना अधिकारी रिचर्ड वॉशबर्न याच्या डोक्याला लागलं, कप्तान एडवर्ड पॅरी याच्या पायांना. दोघंही जागेवरच राहिले. दरम्यान दोन जहाजांमधला रेडिओ बंद पडला. वर घिरट्या घालणाऱ्या छोट्या सीफॉक्स विमानातला निरीक्षक गोळे आखूड पडताहेत म्हणून कळवत राहिला. ते गोळे अकिलीसचे होते. अजॅक्सला वाटलं आपलेच आहेत. त्यांनी नेम वाढवला आणि त्यांचे गोळे पार पलीकडे जाऊन पडू लागले.

खेळात चुकलेला गोळा म्हणजे चुकलेला. शेजारी पाणी उसळतं, सुंदर दिसतं, पट्टी जागची हलत नाही.

तिकडे एक्झेटरची अवस्था सर्वांत वाईट होती. अकरा इंची गोळा पुढच्या बी टरेटवर बसला, त्याच्या कपच्यांनी मागच्या ब्रिजवरची, म्हणजे जहाज चालवायच्या जागेतली, जवळपास सगळी माणसं कोसळली. कप्तान बेल वाचला, चेहऱ्याला लागलेलं. ब्रिजवरून जहाज चालवणं शक्य नव्हतं म्हणून तो मागच्या बाजूला गेला. तिथून सुकाणूपर्यंत आवाज पोचेना. मग खलाशांची एक रांग उभी राहिली. बेलने हुकूम द्यायचा, पहिल्याने दुसऱ्याला सांगायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला. दिशा कळायला होतं जहाजावरच्या एका होडीतलं छोटं होकायंत्र. आठ हजार टनांचं क्रूझर अशा तऱ्हेने, तोंडातोंडी चालवलं गेलं. एक्झेटरवर ६१ माणसं मेली. माझ्या खेळात एक्झेटरसुद्धा आहे. मी ती चालवली आहे. सुकाणू बिघडलं की एक कळ दाबायची, काही सेकंदांत दुरुस्त.

खेळ बनवणाऱ्यांना मी दोष देत नाही. वीस मिनिटांत संपेल अशी लढाई हवी असणाऱ्या लाखो लोकांसाठी त्यांनी खेळ बनवला आहे. माझ्यासारखा माणूस ऑफिसातून घरी येऊन, जेवून, झोपायच्या आधी एक फेरी खेळतो. २६ मार्च १९४३ ला अल्यूशन बेटांच्या पलीकडे, कोमांडोर्स्कीजवळ अमेरिकी आणि जपानी क्रूझरांची जी लढाई झाली ती जवळपास चार तास चालली. गारठलेला समुद्र, लांब पल्ला, धुराचे पडदे, आणि शेकडो गोळे झाडूनही दोन्हीकडचं एकही जहाज बुडालं नाही. असा खेळ कोण घेईल? काळ आखडावा लागतो, अंतर आखडावं लागतं. हे मला पटतं.

पण त्याच लढाईतली एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. 'सॉल्ट लेक सिटी' हे अमेरिकी क्रूझर इंधनात समुद्राचं पाणी शिरल्यामुळे बॉयलर विझून चक्क थांबलं. भर लढाईत, पाण्यावर ओंडका तरंगावा तसं. जपानी ताफा जास्त ताकदीचा होता. आणि नेमक्या त्याच सुमाराला ॲडमिरल होसोगाया वळला आणि निघून गेला. त्याचा दारूगोळा कमी होत चालला होता, अमेरिकी विमानं येतील ही धास्ती होती, आणि धुराआडचं ते जहाज मेल्यासारखं उभं आहे हे त्याला माहीतच नव्हतं.

त्याला ती पट्टी दिसत असती तर?

काळ आणि अंतर आखडल्याने खेळ खोटा होत नाही, असं आता माझं मत आहे. तो खोटा होतो सगळं दिसतं म्हणून. समुद्रावरच्या लढाईचा प्राण म्हणजे न कळणं: समोर कोण आहे, त्याचं काय झालंय, आपलंच काय झालंय. कप्तान निर्णय घेतो तो या धुक्यात उभा राहून. धुकं काढून टाकलं की उरतं ते नेमबाजीचं यंत्र, कितीही देखणं असलं तरी.

हे जाणणारे लोक होते, आणि बरेच आधीपासून होते. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये फ्लेचर प्रॅट नावाचा लेखक मित्रांना जमवून जमिनीवर लहान लाकडी जहाजं मांडायचा. फासे नाहीत. खेळाडूने फरशीवर ओणवं होऊन नुसत्या नजरेने अंतर ओळखायचं, किती इंच ते चिठ्ठीवर लिहायचं, आणि मग पंच टेप लावून मोजणार. डोळा चुकला की गोळा चुकला. १९४२ मध्ये लिव्हरपूलच्या डर्बी हाउसमध्ये गिल्बर्ट रॉबर्ट्स या नौदल अधिकाऱ्याने आणि महिला नौसैनिकांच्या तुकडीने पाणबुड्यांविरुद्धच्या डावपेचांसाठी फरशीवर असाच खेळ मांडला होता. काफिल्याचं रक्षण करणारे खरेखुरे अधिकारी तिथे शिकायला येत. त्यांना कनातीच्या मागे बसवत आणि एका भोकातून फरशीचा तेवढाच तुकडा दाखवत जेवढा त्या घडीला त्यांच्या जहाजावरून दिसला असता. एक पैशाचं ग्राफिक्स नाही, खडू आणि कापड. पण त्यातून शिकून माणसं अटलांटिकवर गेली.

आजच्या खेळांतही शोधलं तर सापडतं. 'अटलांटिक फ्लीट'मध्ये आधीचा गोळा कुठे पडला ते बघून पुढचा नेम आपल्या हाताने दुरुस्त करावा लागतो, पहिले दोन-तीन सॅल्व्हो वाया जातात आणि मग एकदाचं पाणी शत्रूच्या दोन्ही अंगांना उसळतं. तो आनंद निराळाच. 'रूल द वेव्हज' तर बघायला अगदी रुक्ष, निळा नकाशा आणि त्यावर खुणा. पण संध्याकाळच्या अंधुक उजेडात नकाशावर एक अनोळखी ठिपका उमटतो, तो काय आहे ते लवकर कळत नाही, आणि जवळ जावं की पळावं हे ठरवताना माझ्या हाताला घाम येतो. झगमगत्या खेळात आठ वर्षांत असा घाम फुटलेला मला आठवत नाही.

एका रात्री मी 'वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स'मध्येच एक प्रयोग केला. त्यात दोन कळा एकदम दाबल्या की पडद्यावरची सगळी माहिती नाहीशी होते, फोटो काढणाऱ्यांसाठी ती सोय आहे. नकाशा गेला, पट्ट्या गेल्या, नावं गेली, नेमाची खूणही गेली. उरला समुद्र, माझं लिअँडर, आणि लांबवर काळसर आकार. त्यातला कोणता आपला आणि कोणता त्यांचा हेच मला धड समजेना. एका बेटाआडून ज्वाळा दिसल्या, कुणीतरी माझ्यावर डागत होतं. मी वळलो. तोफा डागल्या, पाण्याचे खांब उठले, माझे की सोबत्याचे ते कळलं नाही. मी अजॅक्ससारखाच नेम वाढवला. चार मिनिटांत माझं जहाज बुडालं आणि ते कुणी बुडवलं हे मला फेरी संपेपर्यंत माहीत नव्हतं. संघातल्या बाकीच्यांचं मी नुकसान केलं, त्याबद्दल वाईट वाटलं, पुन्हा कधी तसं केलं नाही. पण ती चार मिनिटं मला ज्या तऱ्हेने आठवतात तशी त्या खेळातली दुसरी एकही फेरी आठवत नाही.

लांग्सडॉर्फचं पुढे काय झालं ते बऱ्याच जणांना माहीत असतं. ग्राफ श्पे मॉन्तेव्हिदेओ बंदरात शिरली. जहाज तरंगत होतं, मुख्य तोफा चालू होत्या. पण भटारखाना उद्ध्वस्त झाला होता, गोडं पाणी करणारी यंत्रणा बिघडली होती, आणि डिझेल इंजिनांसाठी तेल शुद्ध करणारी यंत्रणा एक्झेटरच्या गोळ्याने निकामी केली होती असं अभ्यासक सांगतात. कुठल्याही खेळात भटारखान्याला आयुष्याची पट्टी नसते. हजारावर माणसांना जर्मनीपर्यंत खायला-प्यायला घालून न्यायचं असतं, ही गोष्ट खेळाच्या हिशोबात येतच नाही. बाहेर एक मोठा ब्रिटिश ताफा, विमानवाहू 'आर्क रॉयल' आणि मोठी युद्धनौका 'रिनाउन' यांच्यासकट, येऊन थांबलाय अशी त्याची समजूत करून देण्यात आली. प्रत्यक्षात तिथे अजॅक्स, अकिलीस आणि नुकतंच येऊन मिळालेलं 'कंबरलँड' एवढेच होते. १७ डिसेंबरला त्याने माणसं उतरवून स्वतःचं जहाज स्वतःच उडवलं. दोन-तीन दिवसांत ब्वेनोस आयरेसमध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली. आधीच्या महिन्यांत नऊ व्यापारी जहाजं बुडवताना त्याने एकाही खलाशाचा जीव जाऊ दिला नव्हता.

पावसाळा संपल्यावर मी पुन्हा गुहागरला गेलो. काकांना एक्स टरेटची हकीकत सांगितली. बॉम्ब, तेरा माणसं, दुरुस्ती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. "आम्ही त्या जागेवर कपडे वाळत घालायचो," एवढंच म्हणाले.

मग मी दीवबद्दल विचारलं. १८ डिसेंबर १९६१. गोवा मुक्तीच्या कारवाईत दिल्लीच्या तोफा दीवच्या किल्ल्यावर चालल्या होत्या. काका तेव्हा एकवीस वर्षांचे.

"काय दिसलं?"

"मला काय दिसणार? गोंग वाजला की गॅलीतल्या चुली बंद आणि आम्ही कुक लोक खाली शेल रूममध्ये, गोळ्यांच्या कोठारात. एकेक गोळा पन्नास किलोचा, तांदळाच्या पोत्याएवढा. तो वर चढवणाऱ्या हॉइस्टपर्यंत पोचवायचा. वर तोफ उडाली की कानाने नाही कळायचं, भिंतीला हात लावला की कळायचं. मी मोजत होतो. किती लागले, कुठं लागले, कुणाला ठाऊक. वर आलो तेव्हा किनारा मागे पडला होता. सगळ्यांना चहा हवा होता."

मी लॅपटॉप उघडला. बंदरात उभं असलेल्या जहाजाचं चिलखत थराथराने उघडून बघायची सोय त्या खेळात आहे. वरची पातळ पत्र्याची कातडी काढली. मग डेक. मग बाजूचा जाड पट्टा. जाडीप्रमाणे रंग बदलतात, पिवळा, नारिंगी, तांबडा. काका लक्ष देऊन बघत होते. शेवटचा थर निघाला आणि आत मोकळी पेटी उरली. मशिनं नाहीत, शिड्या नाहीत, माणूस नाही.

"शेल रूम?"

"दाखवलेली नाही, काका."

"फिरव जरा. मागून दाखव."

मी जहाज फिरवलं. त्यांनी मागून पहिल्या टरेटवर बोट ठेवलं, मग ते सरळ खाली आणलं, पाण्याच्या रेषेच्याही खाली, त्या रिकाम्या पेटीच्या कोपऱ्यात.

"इथं. शिडी इकडून उतरायची. दिवा इथं, जाळीतला. आणि वर काय चाललंय ते कळायचं हे असं," म्हणत त्यांनी सगळा तळहात पडद्यावर टेकवला, आणि तो तसाच ठेवून थोडा वेळ बसून राहिले.